जमिनीवरचा खानदेश

ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. बायकोला नाही, मुलाला नाही, रोज संध्याकाळी ज्यांच्याबरोबर फिरायला जातो त्या मास्तरांच्या टोळक्यालाही नाही. एका माणसाला ती कळली होती, पण माझ्या सांगण्यातून नाही, आणि तो माणूस आता हयात नाही. ज्यांना सांगायला हवी होती त्या बोरसे बाईही गेल्या. तेव्हा यात धाडस वगैरे काही नाही. ऐकून तोंडावर बोलणारं कोणी उरलं नाही म्हणून तोंड उघडतोय, एवढंच.

आमच्या शाळेच्या आवारात बाईंनी जमिनीवर केलेला एक नकाशा होता. तो संस्थेने काढून टाकला असं सगळे समजतात. बाईही शेवटपर्यंत तसंच समजत होत्या. तो मी काढून टाकला.

पण आधी बाई सांगतो. नाहीतर काय गेलं ते कळायचं नाही.

शाळा पारोळ्याच्या अलीकडे, जळगाव-धुळे रस्त्यापासून थोडी आत. मी तिथे इतिहास-भूगोलाचा शिक्षक म्हणून लागलो. आपल्याकडे हे दोन विषय जोडीने येतात, सासरच्या माणसासारखे. एकाशी लग्न केलं की दुसरा आपोआप घरात. माझं शिक्षण इतिहासाचं. भूगोल मी गाइड उघडून शिकवायचो आणि पोरं तो गाइड मिटून विसरायची. दोघांचं बरं चाललं होतं.

पहिल्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत गेलो आणि दिसली त्या खुर्चीवर बसलो. कोपऱ्यातून आवाज आला, "भाऊ, तिथं नका बसू. दुपारनंतर पश्चिमेचं ऊन सरळ डोळ्यांवर येतं. दक्षिणेच्या भिंतीला सरका."

मी उठलो आणि दोन भिंतींच्या मध्ये तसाच उभा राहिलो. बोलणाऱ्या बाई उंच, किडकिडीत, सुती साडीखाली कॅनव्हासचे बूट आणि हातात मिटलेली काळी छत्री. त्यांनी मला नीट न्याहाळलं.

"दक्षिण कुठली ते ठाऊक नाही," त्या म्हणाल्या. "म्हणजे भूगोल शिकवायला आलात."

खोलीतले सगळे हसले. मीही हसलो. तेव्हा मी नवीन होतो, आणि नवीन माणसाला हसू सोसतं.

बाईंच्या वर्गात डावं-उजवं हे शब्द चालत नसत. "पूर्वेच्या बाकावरची, पुस्तक काढ." "उत्तरेची खिडकी लाव रे." उशिरा आलेल्या पोराला त्या छडी मारत नसत, घरापासून शाळेपर्यंतची वाट दिशा सांगत सांगायला लावत. पोरगं दक्षिणेकडे वळून पाण्याच्या टाकीशी अडकायचं, वर्ग ओरडायचा, "अरे मागं फीर, विहिरीत चाललास!" हळूहळू त्याची लागण सगळ्या शाळेला झाली. आमचे शिपाई सुकदेव आबा एकदा मीटिंग चालू असताना दारात येऊन म्हणाले, "बाई, दक्षिणना नळ गळी राहिना." मुख्याध्यापक तिथंच बसलेले होते, पण गळक्या नळाची तक्रार बाईंकडे. कारण दक्षिण बाईंची.

स्वभाव मात्र गोड नव्हता. उगाच गोड सांगणार नाही. पाहुण्यांनी भाषणात काही चुकीचं सांगितलं की त्या बसल्या जागेवरून दुरुस्त करायच्या. मार्क देताना हात आखडता घ्यायच्या. कोणी घर बांधायला काढलं आणि कौतुकाने प्लॉट दाखवायला नेलं, तर या प्लॉटकडे बघायच्याच नाहीत. रस्त्यावर उभ्या राहून आधी विचारणार, "पावसाचं पाणी कुठून येतं आणि कुठं जातं?" मालकाला ते माहीत नसायचं. बाई छत्रीचं टोक जमिनीवर टेकवून उतार बघायच्या आणि निघताना पेढा हातात घेऊन म्हणायच्या, "जोतं उंच घ्या." एवढंच. बाकी छान-बिन काही नाही. लोकांना राग यायचा. जोतं मात्र उंच घेत.

नकाशाची गोष्ट एका प्रश्नातून सुरू झाली. मी शेजारच्या वर्गात होतो, मधली भिंत पातळ, त्यामुळे सगळं ऐकू आलं. बाई भिंतीवरच्या नकाशावर नद्या दाखवत होत्या. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "बाई, गिरणा वर कशी काय चढस?"

वर्ग खो खो हसला. पण मुलीचं बरोबर होतं. आमच्या खानदेशातल्या दक्षिणेकडच्या नद्या, वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा, सगळ्या उत्तरेला जाऊन तापीला मिळतात. भिंतीवरच्या नकाशात उत्तर वर. म्हणजे त्या पोरीच्या डोळ्यासमोर नद्या भिंतीवर चढत होत्या आणि वर्षानुवर्षं कोणाला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. मलाही नाही. मी तेच शिकवत होतो.

बाई हसल्या नाहीत. खिळ्यावरून नकाशा काढल्याचा आवाज आला, बाक सरकवल्याचा आला. मी दारातून डोकावलो तर नकाशा जमिनीवर अंथरलेला, सातपुडा खरोखरच्या उत्तरेला फिरवून ठेवलेला आणि सगळी पोरं भोवती उकिडवी बसलेली.

"उत्तर म्हणजे वर नाही," बाई सांगत होत्या. "वर म्हणजे आभाळ. उत्तर म्हणजे तिकडे, चोपडा, यावल, रावेर. आपल्या मागं दक्षिणेला डोंगर आहेत. पाणी त्या डोंगरावरून उतरतं आणि तिकडे जातं. आता सांग, गिरणा चढते का उतरते?"

"उतरस!"

त्या एका शब्दात पोरीचा जो आनंद होता, तो माझ्या तासाला मी कधी ऐकला नव्हता. आपल्याला जे दिसत होतं ते खोटं नव्हतं, फक्त कागद उभा टांगलेला होता, हे कळल्याचा आनंद. मी दारातून मागे सरलो. तेव्हाच आत जाऊन पोरांबरोबर बसायला हवं होतं.

त्यानंतर बाईंनी आवारात नकाशा करायला घेतला. आवाराचा पश्चिमेकडचा भाग त्यांनी निवडला, कारण तिथे जमिनीला मुळातच पश्चिमेकडे उतार होता आणि कुंपणाच्या भिंतीत पाणी जायला भोक होतं. उत्तरेला, फाटकाच्या बाजूला, दगड रचून सातपुडा केला. दक्षिणेला डोंगरांची बुटकी ओळ. मधून तापीचा चर, सिमेंटने लिंपलेला. भिंतीतलं भोक म्हणजे सुरत. त्यापलीकडे गटार होतं, त्याला पोरं समुद्र म्हणायची आणि समुद्राला वास का येतो यावर चर्चा करायची.

आणि माती. ही बाईंची खरी करामत. सुटीला निघालेल्या प्रत्येक पोराला सांगणं एकच: मामाच्या गावाहून मूठभर माती आणायची. सुटी संपली की पोरं पिशव्या, पुड्या, रुमालाच्या गाठी घेऊन येत. रावेरची केळीच्या बागेतली काळीभोर माती, पारोळ्याच्या किल्ल्याजवळची भुरी, सातपुड्याच्या पायथ्याची तांबूस, गिरणेची वाळू. ज्याचं गाव त्यानेच जागा शोधून माती टाकायची. जागा शोधताना बाई मदत करत नसत. "नदीच्या कुठल्या काठाला? रेल्वे दिसते का गावातून? सकाळी ऊन कुठून येतं, डोंगराआडून का मोकळं?" असं विचारत पोराला बरोबर ठिकाणी नेऊन उभं करायच्या. पोरगं तिथे पोचलं की चेहरा असा, जसं मामाच्या दारातच उतरलं.

नकाशावर एकही नाव लिहिलेलं नव्हतं. मी एकदा म्हटलं, "बाई, नावांच्या पट्ट्या लावू या का? पाहुण्यांना सोपं जाईल."

"नावं लिहिली की पोरं वाचतात भाऊ," त्या म्हणाल्या. "बघत नाहीत."

मी मूळचा धुळ्याकडचा. आमचं गाव पांझरेच्या काठी. बाईंनी ते पहिल्याच वर्षी माझ्याकडून काढून घेतलं होतं, आणि नकाशावर पांझरेच्या काठाला हाताएवढी जागा मोकळी ठेवली होती. "ही तुमची. माती आणा." मी दर सुटीला गावी जायचो आणि दर सुटीला विसरून यायचो. विसरायचो म्हणजे, लाज वाटायची. शिक्षक माणूस शेतात वाकून माती पुडीत भरतोय, गाववाले काय म्हणतील. बाई जून उजाडला की विचारायच्या, "आणली?" मी कानाला हात लावायचो. "असू द्या. सगळ्या खानदेशाची माती पडली, फक्त तुमची राहिली. जागा कुठं जात नाही."

पावसाळ्यात त्या नकाशाची मजा यायची. मधल्या सुटीत पोरं बादल्या घेऊन दक्षिणेच्या डोंगरावर पाणी ओतायची आणि पाण्याबरोबर पळायची. बोरी कुणाची, गिरणा कुणाची, कुठली आधी तापीत पोचते याच्या शर्यती लागायच्या. नापास होणारी, इंग्रजीच्या तासाला भिंतीशी उभी राहणारी पोरं तिथे तहसीलदारासारखी बोलायची. "हाई धरण शे, पाणी सोडू नको अजून!" मी शिक्षकांच्या खोलीच्या खिडकीतून बघायचो. छान वाटायचं, आणि त्याच वेळी काहीतरी टोचायचंही. ते काय, हे मी तेव्हा स्वतःलाही विचारलं नाही.

पुढे मी मुख्याध्यापक झालो. बाई माझ्यापेक्षा ज्येष्ठ, पण त्यांनी ते पद नको म्हणून लिहून दिलं होतं. "कचेरीला पश्चिमेची खिडकी आहे, मला ऊन सोसत नाही," असं कारण त्यांनी लोकांना सांगितलं. मी खुर्चीत बसलो त्या दिवसापासून त्यांनी मला भाऊ म्हणणं सोडलं. "सर" म्हणू लागल्या. मला ते आवडलं, हेही सांगून टाकतो.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी पालक सभा झाली. संस्थेचे अध्यक्ष आप्पा आले होते. आप्पा म्हणजे मोठ्या आवाजाचा, मोकळा माणूस. कापसाचा व्यापार, शिक्षण जेमतेम, पण शाळेवर जीव. सभा संपल्यावर म्हणाले, "चला, बाईंचा खानदेश बघू." पालक, पोरं, सगळे फाटकाच्या बाजूने नकाशाशी गोळा झाले. पोरांनी आपापली गावं दाखवली. आप्पांनी विचारत विचारत स्वतःचं गाव शोधलं आणि त्यावर उभे राहून फोटो काढून घेतला.

मग बाई म्हणाल्या, "आता सर दाखवतील त्यांचं."

वाईट हेतू नव्हता. आज मला पक्कं माहीत आहे. त्यांना माझी मोकळी जागा लोकांसमोर दाखवून माती आणायला लावायची होती, पोरांना लावत तशीच.

मी रुबाबात पुढे झालो. सातपुडा ओलांडला. धुळं पश्चिमेला, आणि पश्चिम म्हणजे पुस्तकात डावीकडे. मी डावीकडे चालत गेलो, एका काळ्या मातीच्या ठिपक्यावर उभा राहिलो आणि म्हणालो, "हे आमचं धुळं. आणि ही पांझरा."

पोरांनी एकमेकांकडे बघितलं. मग पाचवीतलं एक पोरगं किंचाळलं, "सर, ते वरणगाव शे!"

मी उत्तरेच्या फाटकातून आलो होतो. तोंड दक्षिणेला. माझा डावा हात पूर्वेला. जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, भुसावळच्याही पलीकडे जाऊन मी माझं गाव दाखवत होतो. भूगोलाचा मास्तर.

"सर, तिथं बंदुकीच्या गोळ्या बनतात, सांभाळून!" कुणीतरी ओरडलं.

बाई म्हणाल्या, "हसू नका रे. सर पुस्तकातून उतरले ना, म्हणून उलटे आले."

त्यांनी मला सावरून घेण्यासाठी म्हटलं असेल. पण त्या वाक्यावर हशाचा जो लोंढा आला, त्यात आप्पांचा आवाज सगळ्यांत मोठा होता. आप्पांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "हेडसर, धुळ्याला जायचं म्हणून नागपूरच्या गाडीत बसाल एखाद्या दिवशी!"

मीही हसलो. पण आता नवीन नव्हतो.

पोरांनी माझं नाव वरणगाव ठेवलं. मी व्हरांड्यातून गेलो की पुढच्या वर्गात "वरणगाव आलं, वरणगाव आलं" अशी कुजबुज व्हायची. कधी भिंतीवर खडूने. पोरं दोन-चार महिन्यांत विसरली असती, सगळं विसरतात तशी. मी विसरू दिलं नाही. खिडकीतून तो नकाशा रोज दिसायचा, आणि त्यावर पोरं हसत असली की मला वाटायचं, माझ्यावरच हसतायत.

पुढच्या उन्हाळ्याच्या आधी आवारात सिमेंटचे ब्लॉक बसवायला निधी मिळाला. मीच अर्ज केला होता. चिखल होतो, पोरं घसरतात, गवतात विंचू-काटा निघतो, ही कारणं खरीच होती. आप्पांच्या दुकानात बसून आराखडा बघत होतो. आप्पांनी बोट ठेवलं. "इथं बाईंचा नकाशा आहे ना? मग तेवढा कोपरा सोडा की. बाकी आवाराला बसवा."

हे त्यांचे शब्द. मी कचेरीत शेकडो पत्रं लिहिली, एकही आठवत नाही. हे वाक्य आठवतं.

मी म्हणालो, "बाईंना विचारलं आप्पा. त्यांची काही हरकत नाही. त्याच म्हणाल्या, आता जुना झाला."

"असं म्हणाल्या?" आप्पांना नवल वाटलं. "बरं. त्यांचंच म्हणणं असेल तर होऊ द्या."

आणि शाळेत येऊन मी बाईंना बोलावलं. खुर्ची दिली. चेहरा पाडून सांगितलं, की आप्पा हट्टाला पेटलेत. मी पुष्कळ बोललो, अगदी वाद घातला, पण ऐकत नाहीत. वर हेही म्हणालो, "आता तुम्ही जाऊन बोललात तर जास्तच चिडतील. मी आधीच बरंच ताणलंय."

बाईंनी खिडकीतून नकाशाकडे बघितलं. मग म्हणाल्या, "माझ्यापायी तुम्ही कशाला वाईटपणा घेतलात सर? नवीन आहात खुर्चीवर."

माझी समजूत काढली त्यांनी. माझी.

दोन खोटी वाक्यं. एक तिकडे, एक इकडे. दोन्हीकडचे लोक सरळ होते म्हणून खोटं उघडं पडलं नाही. बाई आप्पांकडे गेल्या नाहीत आणि आप्पा बाईंना विचारायला आले नाहीत.

सुटी लागल्यावर काम सुरू होणार होतं. बाई आदल्या दिवशी आल्या आणि म्हणाल्या, "माती तेवढी काढून घेते." दिवसभर त्या आणि सुकदेव आबा उन्हात बसून खुरप्याने माती उकरत होते. बाईंनी कागदाच्या पुड्या आणल्या होत्या, प्रत्येक गावाची वेगळी ठेवायला. मी खिडकीतून बघत होतो, बाहेर गेलो नाही. पण बोलणं ऐकू येत होतं.

"बाई, हाई रावेरनी माटी शे का पारोळानी?"

बाईंनी चिमूट घेतली, बोटांत चोळली, दुसरीकडची घेतली, तीही चोळली. इतक्या पावसाळ्यांनी सगळं एकमेकांत नेऊन कालवलं होतं.

"आता बठ्ठी एकच शे, आबा," त्या म्हणाल्या.

पुड्या तशाच पिशवीत परत गेल्या. माती दोघांनी मिळून घमेल्याने कुंपणाशी लिंबाच्या बुंध्याला नेऊन घातली. बाईंनी पदराने हात पुसले आणि कचेरीच्या दारात येऊन म्हणाल्या, "झालं सर. उद्या येऊ द्या त्यांना." आवाज रोजचाच. डोळ्यांकडे मी बघितलं नाही, त्यामुळे ते सांगता येणार नाही.

ब्लॉक छान बसले. लाल-करडे, नक्षीचे. पहिला मोठा पाऊस झाला आणि सुकदेव आबा धावत आले, "सर, बठ्ठं पानी हापिसम्हा उनं!" ठेकेदाराने आवार सपाट केलं होतं, नंतर उतार दिला तो फाटकाकडे, कचेरीच्या अंगाला, आणि भिंतीतलं पश्चिमेचं भोक ब्लॉकखाली बुजलं होतं. कचेरीत कपाटाच्या खालच्या खणापर्यंत पाणी. मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उभा. बाई आठवीची पोरं आणि पहार घेऊन आल्या, सरळ भिंतीशी गेल्या आणि छत्रीने जागा दाखवून चार ब्लॉक उचलायला लावले. पाणी वळलं आणि निघून गेलं.

"इथं सुरत होती ना सर," त्या म्हणाल्या. "ती बुजवली तर तापी जाईल कुठं?"

टोमणा असता तर बरं झालं असतं. त्या फक्त सांगत होत्या.

पुढची वर्षं बाईंनी पुस्तकातून शिकवलं. चांगलंच शिकवलं. डाव्या-उजव्याची बंदी तशीच होती. पण सुटीला निघालेल्या पोरांना त्या आता काही आणायला सांगत नसत. जून महिन्यात पोरं रिकाम्या हाताने शाळेत यायची, जशी सगळ्या शाळांत येतात. मी त्यांना दोनदा म्हटलं, मागच्या बाजूला जागा आहे, तिथे करू या. "तिथं उतार नाही सर," एवढंच म्हणाल्या. मला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाज वाटली.

त्या निवृत्त झाल्या तेव्हा निरोप समारंभाला आप्पा अध्यक्ष होते. बाईंना भाषणं करायला आवडत नसे. माइकसमोर उभ्या राहिल्या, छत्री टेबलाला टेकवली, आणि म्हणाल्या, "मी जास्त बोलत नाही. एकच सांगायचं राहू नये म्हणून सांगते. माझ्या नकाशासाठी सर भांडले होते. नवीन खुर्ची होती, तरी भांडले. नकाशा राहिला नाही, त्याला इलाज नाही. पण आपल्यासाठी कोणी भांडलं, हे माणसाजवळ राहतं."

टाळ्या वाजल्या. मी आप्पांच्या शेजारी बसलो होतो. आप्पांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्यांनी मान हळूच माझ्याकडे वळवली आणि बघत राहिले. एवढा बोलका माणूस, त्या संध्याकाळी अध्यक्षीय भाषण दोन वाक्यांत उरकलं. समारंभानंतर सगळे चहाकडे वळले, तेव्हा पायात चपला सरकवत मला म्हणाले, "काय हो हेडसर, आपण कधी भांडलो?"

मी चहाकडे वळलो.

आप्पांनी पुन्हा कधी तो विषय काढला नाही. बाईंनाही सांगितलं नाही, नाहीतर मला कळलं असतं. पण त्यानंतर त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली नाही. काही वर्षांनी ते वारले.

बाईंना मी शेवटचं पाहिलं ते जळगावच्या स्टँडवर. हिवाळ्याचे दिवस, दुपारची वेळ. त्या धुळ्याला भावाकडे राहायला गेल्या होत्या, तिकडेच निघालेल्या. मीही धुळ्याला चाललो होतो. तीच छत्री, तेच कॅनव्हासचे बूट, अंगाने अजून वाळलेल्या. गाडी लागली तशी मी डावीकडच्या मोकळ्या बाकाकडे गेलो, तर मागून छत्रीची मूठ खांद्याला लागली.

"उत्तरेच्या बाजूला बसा भाऊ. हिवाळ्यात धुळ्याला जाताना दक्षिणेच्या खिडकीत ऊन असतं सारा वेळ."

भाऊ म्हणाल्या. खुर्ची गेल्यावर ते परत आलं होतं.

मला सावलीची खिडकी दिली आणि त्या शेजारी बसल्या. मी ठरवलं, आज सांगायचं. गिरणेच्या पुलाआधी सांगायचं. गिरणा आली. बाई माझ्या पुढून वाकून खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "बघा, आपल्या बाजूला चाललीय. आता वाटेत जेवढ्या लागतील तेवढ्या सगळ्या इकडेच जाणार." मी म्हटलं, एरंडोलला सांगू. अंजनी गेली. शाळेच्या गावाचा फाटा आला. बाईंनी तिकडे बघितलं. म्हटलं, आता. तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "तुम्ही तेव्हा भांडलात, म्हणून मला पुढची वर्षं शाळेत येववलं. नाहीतर राजीनामा लिहून ठेवला होता मी."

त्यानंतर कसं सांगणार? असं मी तेव्हा स्वतःला म्हणालो. खरं तर त्यानंतरच सांगायला हवं होतं. पारोळ्याला बोरी ओलांडली. मी झोप आल्याचं दाखवून डोळे मिटले.

धुळ्याला उतरलो. मी पिशवी घ्यायला हात पुढे केला, त्यांनी घेऊ दिली नाही. दोन पावलं गेल्या आणि मागे वळल्या.

"तुमच्या गावची माती राहिलीच हो," त्या हसून म्हणाल्या.

"आणतो बाई," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली, छत्री उघडली, सूर्य बघून ती दक्षिण-पश्चिमेकडे कलती धरली आणि गर्दीतून पांझरेच्या पुलाच्या रोखाने चालत गेल्या. कोणाला रस्ता न विचारता.

पुढच्या उन्हाळ्यात त्या गेल्याचं कळलं, तेही उशिरा. शाळेत शोकसभा झाली. नवे मुख्याध्यापक बोलले, जुने विद्यार्थी बोलले, आणि एकजण म्हणाला की बाईंच्या नकाशासाठी आपले सर संस्थेशी भांडले होते. मी मान खाली घालून बसलो होतो. लोकांना ते दुःख वाटलं.

परवा शाळेवरून गेलो. ब्लॉक काही ठिकाणी खचलेत. लिंब मोठा झालाय. त्याच्या बुंध्याला सगळ्या खानदेशाची माती आहे, एका गावाची सोडून. गाव इथून दूर नाही. सकाळी निघालो तर दुपारपर्यंत परत येईन. अजून गेलेलो नाही. आता आणून ठेवायची कुठे, असं मनाशी म्हणतो. तेही कारणच, आधीच्यांसारखं.

बोरसे बाईंना मी पांझरेच्या काठची एक मूठ माती आणि एक वाक्य देणं लागतो. वाक्य असं: बाई, आप्पा तो कोपरा सोडायला तयार होते, मी सोडू दिला नाही.